घरच्या घरी ताज्या फुलांची पारंपरिक पुष्परचना : खानदेशच्या कोरड्या हवेत ती करावी आणि टिकवावी कशी?

तापीतीर (भुसावळ)

बैठकीच्या खोलीत किंवा जेवणाच्या टेबलावर ठेवण्याजोगी ताज्या फुलांची रीतसर रचना घरी करता येते, आणि मन लावून केली तर ती दुकानातून आणलेल्या चकचकीत कागदातल्या गुच्छापेक्षा कितीतरी देखणी होते. आपल्या भागात अडचण येते ती मांडणीची नव्हे, टिकण्याची. पुष्परचनेविषयीचे बहुतेक लेखन थंड किंवा दमट हवेच्या गावांत राहून झालेले आहे. वैशाखात भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत सहज चढतो आणि दुपारच्या वाऱ्यात ओलावा म्हणून राहत नाही. अशा हवेत त्या लेखनातले आठ-दहा दिवसांचे आयुष्य फुलांना लाभणे कठीण. म्हणून रचनेच्या नियमांआधी पाण्याविषयी लिहितो.

फूल तोडल्यानंतरही पाकळ्यांतून आणि पानांतून पाणी उडतच राहते. मुळे तुटलेली असल्यामुळे ते भरून काढायला एकच वाट उरते, ती म्हणजे दांड्याचे कापलेले तोंड. हे तोंड दोन कारणांनी बंद होते. दांडा हवेत कापला की पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नलिकांत हवा शिरते आणि तिचा बुडबुडा पाण्याची वाट अडवतो; शिवाय फुलदाणीत बुडालेली पाने कुजू लागली की जिवाणू वाढतात आणि त्यांचा बुळबुळीत थर त्याच तोंडावर बसतो. बाजारातून आणलेल्या फुलांचे दांडे प्रवासात सुकलेले असतात, तेव्हा घरी आल्याबरोबर प्रत्येक दांडा बादलीतल्या पाण्याखाली धरून खालून दोन-तीन सेंटिमीटर कापावा. काप तिरपा असावा, म्हणजे दांडा तळावर सपाट टेकून तोंड झाकले जात नाही. सुरी धारदार हवी, कारण बोथट कात्री कोवळा दांडा चेपून टाकते. बागेतला सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची कात्री, गुलाबाच्या किंवा कामिनीच्या कठीण काड्यांसाठी ठेवावा. पाण्याखाली जाणारे एकही पान ठेवू नये.

कापलेली फुले लगेच रचनेत घेऊ नयेत. खोल पाण्यात, घरातल्या सर्वांत गार आणि अंधाऱ्या खोलीत ती निदान चार तास, शक्य असेल तर रात्रभर उभी ठेवावीत. जुन्या धाब्याच्या घरात मधली खोली यासाठी फार चांगली असते. या वेळी कोमट पाणी वापरावे असा सल्ला सगळीकडे दिलेला असतो आणि तो योग्यही आहे, कारण कोमट पाणी दांड्यात लवकर चढते. पण आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी आपोआपच त्याहून गरम होते, म्हणून पहाटेचे पाणी भरून ठेवावे.

आता मांडणी. पारंपरिक त्रिकोणी रचनेत तीन प्रकारची फुले लागतात. उंच, सरळ दांड्याची फुले रेषा देतात; त्यात निशिगंध आणि ग्लॅडिओलस येतात. गोल, भरीव फुले वजन देतात. गुलाब, शेवंती, कार्नेशन, झेंडू ही त्यातली. बारीक फुलोरा मधल्या फटी भरतो. जिप्सो, गोल्डन रॉड, लहान ॲस्टर यांचा उपयोग त्यासाठी होतो. लिलीसारखे स्वतःचा ठसा असलेले एखादे फूल मिळाले तर ते केंद्रस्थानी जाते, आणि असे फूल एकच असावे.

सुरुवात पानांपासून करावी. सर्वांत उंच काडी मागच्या बाजूला, मध्यापासून किंचित मागे रेलून उभी राहील. तिची उंची भांड्याच्या उंचीच्या दीडपट ते दुप्पट असते. डाव्या-उजव्या काड्या तिच्या साधारण दोन तृतीयांश लांबीच्या घेऊन जवळजवळ आडव्या लावाव्यात. एक आखूड काडी पुढे काठावरून बाहेर झुकवावी, म्हणजे रचना भिंतीवरच्या चित्रासारखी चपटी दिसत नाही. ही चौकट उभी राहिली की त्याच रेषांवर निशिगंध लावावा. वर कळ्या, खाली उमललेली फुले. मग काठाच्या अगदी जवळ, दर्शनी मध्यावर सर्वांत मोठे व गडद फूल बसवावे आणि तेथून गुलाब-शेवंती लहान-मोठ्या उंचीवर बाहेर न्याव्यात. काही फुले समोर पाहतील, काही कडेला वळलेली असतील. सगळे दांडे आत एकाच बिंदूतून निघाल्यासारखे वाटले पाहिजेत. फुलांच्या मध्ये मोकळी जागा राहू द्यावी, नाहीतर प्रत्येक फुलाचा आकार हरवून केवळ रंगाचा गठ्ठा उरतो.

फुलोरा सर्वांत शेवटी आणि हात राखून घालावा. तयार गुच्छांत जिप्सोचा जो मारा केलेला असतो तो मला मुळीच पसंत नाही.

पांझराकाठ (धुळे)

तापीतीरदादा, फार उपयुक्त धागा काढलात. पुढच्या महिन्यात नणंदेचा साखरपुडा घरीच करायचे ठरले आहे आणि सजावट माझ्याकडे आली आहे, म्हणून विचारते. दीडपट ही उंची भांड्याच्या तळापासून धरायची की काठापासून? पाहुण्यांच्या मधोमध ठेवायच्या टेबलावरही त्रिकोणच करावा का? आणि दांडे खोचून उभे करायला दुकानात जो पाणी शोषणारा हिरवा फोम मिळतो तो घ्यावा की नाही?

तापीतीर (भुसावळ)

ताई, उंची काठापासून वर मोजायची. समजा फुलदाणी २० सेंटिमीटरची आहे, तर काठावर ३० सेंटिमीटर दिसले पाहिजे. भांड्याच्या आत जाणारा भाग त्याशिवाय. म्हणून काडी कापताना आधी भांड्याशेजारी धरून पाहावी आणि वाटते त्यापेक्षा थोडी लांबच कापावी. भांडे उथळ व पसरट असेल, समजा पितळी परात असेल, तर उंचीऐवजी त्याची रुंदी धरावी.

त्रिकोणी रचना भिंतीलगतच्या टेबलासाठी असते, कारण ती समोरून पाहायची असते. माणसे चारही बाजूंनी बसणार असतील तर गोल, बुटकी रचना करावी आणि तिची उंची भांड्यासकट ३० सेंटिमीटरच्या आत ठेवावी. समोरासमोर बसलेल्या दोन व्याह्यांना एकमेकांचे चेहरे फुलांच्या आडून शोधावे लागू नयेत. गोल रचनेत मधली काडी आधी उभी करून भोवतीच्या काड्या त्याच लांबीच्या ठेवाव्यात आणि मधूनमधून भांडे फिरवत राहावे.

नागमोडी, इंग्रजी एस अक्षराच्या वळणाची रचनाही याच परंपरेतली आहे. विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराने १७५३ मध्ये अशा वळणाला सौंदर्याची रेषा म्हटले आणि त्याचे नाव या रचनेला चिकटले. तिला मात्र लवचिक काड्या आणि सराव लागतो, त्यामुळे कार्याच्या दिवशी ती पहिल्यांदा करू नये.

फोमविषयी माझे मत प्रतिकूल आहे, पण त्यावर इतरांनीही लिहावे.

केळीचे बन (रावेर)

फोम हे फिनॉल आणि फॉर्मॅल्डिहाइडपासून केलेले प्लास्टिकच आहे. १९५४ मध्ये अमेरिकेत व्हर्नन स्मिथर्स यांनी ते बाजारात आणले आणि जगभरच्या फुलवाल्यांचे काम सोपे झाले, हे खरे. पण ते कुजत नाही, कुस्करले की त्याचा बारीक भुगा होतो आणि तो गटारातून नदीत जातो. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२३ पासून आपल्या प्रदर्शनांत ते बंद केले आहे. ज्यांना वापरायचेच असेल त्यांनी ठोकळा पाण्यावर सोडून द्यावा आणि आपोआप बुडू द्यावा. हाताने दाबून बुडवला तर आत कोरडी पोकळी राहते आणि तिथे खोचलेले फूल पहिल्याच दिवशी मान टाकते.

आमच्या रावेर-यावल पट्ट्यात मात्र याला फार चांगला पर्याय शेताच्या बांधावर पडलेला असतो. घड उतरवल्यावर केळीचा खांब कापून टाकतात. सत्यनारायणाच्या चौरंगाला आपण खुंट बांधतो, तोच हा. ताज्या खांबाचा वीतभर लांब तुकडा घ्यावा. बाहेरची दोन-तीन सोपटे काढून टाकली की आतला पांढरा, गुळगुळीत भाग लागतो. तो आडवा कापून पाहिला तर जाळीसारखे कप्पे दिसतात आणि बोटाने दाबले तर पाणी पाझरते. हा तुकडा उथळ ताटात किंवा परातीत आडवा ठेवावा, लोळू नये म्हणून खालची बाजू सुरीने सपाट करावी आणि ताटात बोटभर पाणी ठेवावे. शेवंतीचा किंवा गुलाबाचा दांडा तिरपा कापून थेट खोचता येतो. निशिगंधाचा दांडा मऊ असेल तर आधी विणायच्या सुईने किंवा बांबूच्या काडीने भोक पाडून घ्यावे. एकदा खोचलेले फूल उपसून पुन्हा त्याच भोकात घालू नये, कारण भोक सैल होते आणि दांड्याला पाणी लागत नाही. जागा बदलायची तर नवे भोक पाडावे.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून कधीच जात नाही, म्हणून हे काम जुन्या कपड्यांत आणि अंगणात करावे, आणि तुकडा कापल्यावर तासभर पाण्यात बुडवून ठेवावा म्हणजे बराच चीक निघून जातो. दुसरे, दीड-दोन दिवसांनी खांब काळा पडून वास येऊ लागतो. साखरपुड्यासारख्या एका दिवसाच्या कार्याला यापेक्षा उत्तम बैठक मला माहीत नाही. आठवडाभराच्या रचनेला ती चालणार नाही. काम झाल्यावर सगळे गुरांपुढे किंवा खतात जाते.

अंजनीकाठ (एरंडोल)

आठवडाभराच्या रचनेसाठी कोंबडीजाळी वापरावी. हार्डवेअरच्या दुकानात ती मीटरवर मिळते. भांड्याच्या तोंडाच्या दीड-दोनपट तुकडा कापून त्याचा सैल चेंडू करून आत बसवावा. एकाखाली एक आलेल्या दोन-तीन छिद्रांतून दांडा गेला की तो हवा तिथे उभा राहतो. पारदर्शक काचेची फुलदाणी असेल तर जाळी दिसते, तेव्हा तोंडावर पारदर्शक चिकटपट्टीच्या आडव्या-उभ्या पट्ट्या लावून चौकटी कराव्यात. उथळ भांड्याला पिनहोल्डर, म्हणजे दांडे रोवायला उभ्या सुया असलेली धातूची बैठक, लागतो; त्याला जपानी लोक केंझान म्हणतात. तो जड असतो, एकदा घेतला की जन्मभर पुरतो, आणि इकेबाना या जपानी पुष्परचनेतली उथळ भांड्यातली रचना तर त्याच्यावरच उभी असते.

आणखी एक. पितळेच्या किंवा तांब्याच्या जुन्या भांड्यांत रचना फार शोभते, परंतु पाण्यात लिंबू घातले तर धातू हिरवा पडतो. आत मावेल असा काचेचा ग्लास किंवा प्लास्टिकचा डबा ठेवावा आणि फुले त्यात लावावीत.

गिरणाई (भडगाव)

मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून पाण्यात काय घालावे याविषयी थोडे सविस्तर लिहिते. फुलवाले जी पुडी देतात तिच्यात तीन घटक असतात : फुलाला अन्न म्हणून साखर, पाणी आम्ल करायला सायट्रिक आम्ल आणि जिवाणू मारायला एखादे जंतुनाशक. घरी हे सहज जमते. एक लिटर पाण्यात एक चहाचा चमचा साखर, दोन चमचे लिंबाचा रस आणि अर्धा चमचा साधे घरगुती ब्लीच घालावे. ब्लीच आधी पूर्ण पाण्यात मिसळावे आणि नंतर लिंबू घालावे. ब्लीच व आम्ल एकमेकांत थेट कधीही ओतू नयेत, कारण त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो फुप्फुसांना घातक असतो. नुसती साखर घालणे हे काहीच न घालण्यापेक्षा वाईट आहे, कारण ती फुलाआधी जिवाणू खातात. तांब्याचे नाणे किंवा ॲस्पिरिनची गोळी यांवर माझा भरवसा नाही.

लिंबू आपल्याकडे विशेष महत्त्वाचे आहे. काळ्या खडकातल्या बोअरचे पाणी जड असते. किटलीत पांढरा थर धरणारे हेच पाणी दांड्यातून वर चढायला नाखूष असते, आणि आम्लामुळे त्यात सुधारणा होते. घरात आरओचे पाणी असेल तर रचनेसाठी तेच घ्यावे. ग्लॅडिओलसला फ्लोराइडही सोसत नाही, पाकळ्यांच्या कडा करपतात. मिठावर चालणारे पाणी मऊ करण्याचे यंत्र ज्यांच्याकडे असेल त्यांनी ते पाणी मात्र गुलाबाला देऊ नये, कारण त्यात सोडियम उतरलेले असते.

आता खानदेशातल्या प्रत्येक घराशी संबंध असलेला मुद्दा. पिकणारी फळे इथिलीन नावाचा वायू सोडतात. आपल्या रायपनिंग चेंबरमध्ये केळी पिकवायला हाच वायू वापरतात. जो वायू केळी पिवळी करतो तोच कार्नेशनच्या पाकळ्या आत मिटवतो, जिप्सोचा फुलोरा कोमेजवतो आणि लिलीच्या कळ्या न उमलताच गाळतो. घरात खुंटीला घड टांगलेला असेल, किंवा वैशाखात कोठीच्या खोलीत आंब्याची अढी घातलेली असेल, तर फुले त्या खोलीत रात्रभर ठेवू नयेत, मग ती खोली घरात सर्वांत गार का असेना. फळांची टोपली आणि पुष्परचना एकाच टेबलावर शेजारी मांडण्याची पद्धतही याच कारणाने टाळावी. शेवंती आणि जरबेरा यांना या वायूचे फारसे काही होत नाही. उदबत्तीच्या आणि कोणत्याही धुरातही तो असतो, त्यामुळे देवघरातली फुले लवकर का मलूल होतात याचे एक कारण हेही आहे.

वाघूर (जामनेर)

गिरणाई मॅडम, कोमेजलेले फूल परत आणता येते का? जरबेऱ्याचे दांडे फुलाच्या थोडे खाली वाकतात आणि गुलाबाची कळी उमलण्याआधीच मान टाकते. दोन्हींना ताजे पाणी दिले तरी फरक पडत नाही.

गिरणाई (भडगाव)

वाघूरभाऊ, दोन्हींचे कारण वेगवेगळे आहे. गुलाबाच्या दांड्यात हवा अडकलेली असते. दांडा पाण्याखाली पुन्हा कापावा आणि मोठ्या परातीत कोमट पाणी घेऊन संपूर्ण गुलाब, फूल आणि पाने यांसकट, आडवा बुडवून अर्धा ते एक तास ठेवावा. मान सरळ करून कागदात गुंडाळून बुडवला तर दांडा त्याच स्थितीत ताठ होतो. बहुतेक वेळा गुलाब सावरतो. पाकळ्या आधीच पातळ व डागाळलेल्या असतील तर मात्र सावरत नाही.

जरबेऱ्याचा दांडा लवदार आणि वरच्या भागात पोकळ असतो. खोल पाण्यात तो कुजतो आणि सडलेल्या तोंडातून पाणी वर जात नाही. त्याला पाच-सात सेंटिमीटरच पाणी द्यावे आणि ते रोज बदलावे. फुलवाले दांड्यावर जी प्लास्टिकची नळी चढवतात ती रात्रभर पाण्यात ठेवताना काढू नये.

तापीतीर (भुसावळ)

ग्लॅडिओलसविषयी एक भर घालतो. त्याचा शेंडा नेहमी आकाशाकडे वळतो, म्हणून तो बादलीत तिरपा टेकून ठेवला तर रात्रीतून वाकडा होतो आणि मग रचनेत सरळ रेषा मिळत नाही. अगदी उभाच ठेवावा. टोकाच्या दोन-तीन बारीक हिरव्या कळ्या खुडल्या तर खालच्या नीट उमलतात. निशिगंधही खालून वर फुलत जातो. रचनेसाठी भरगच्च पाकळ्यांचा दुहेरी निशिगंध मागावा. एकेरी हाराचा असतो, पण सुवास त्याचाच जास्त. बंद खोलीत रात्री हा वास काहींना उग्र वाटतो, म्हणून जेवणाच्या टेबलावर निशिगंध मी ठेवणार नाही.

गुलाब आणि जरबेरा आपल्याकडे बहुधा नाशिक-पुण्याकडच्या पॉलिहाउसमधून रात्रीच्या गाडीने येतात. मधल्या पाकळ्या अजून घट्ट मिटलेल्या आणि बुडाशी दाबल्यावर कळी टणक लागणारी असेल, असाच गुलाब निवडावा. पूर्ण उमललेला गुलाब दुकानात सुंदर दिसतो आणि दुसऱ्या दिवशी पाकळ्या सोडतो. गुलाबाच्या बाहेरच्या एक-दोन पाकळ्या करपट, जाड असतात. त्या संरक्षणासाठी मुद्दाम ठेवलेल्या असतात, घरी हलक्या हाताने काढाव्यात.

सातपुड्याच्या पायथ्याशी (शहादा)

सगळी चर्चा बाजारच्या फुलांवर चालली आहे, म्हणून थोडे वेगळे मांडतो. पारंपरिक रचनेचा आकार बाहेरून आलेला असला तरी त्यात घालायचे साहित्य इथले का असू नये? फाल्गुनात सातपुड्याच्या उतारावर पळस पेटतो. त्याची पाने गळलेली, काळपट वाकडी फांदी आणि तिच्यावरची केशरी फुले ही एकच काडी उथळ भांड्यात पिनहोल्डरवर उभी केली तर अख्खी बैठक उजळते. फुले दोन दिवसांत गळतात, पण गळलेली फुलेही भांड्याभोवती राहू द्यावीत. उन्हाळ्यात बहाव्याचे पिवळे झुबके असतात. ते काठावरून खाली लोंबू द्यावेत, कारण त्यांची वाढच तशी आहे.

हिवाळ्यात तर आपल्यासारखे श्रीमंत कोणी नाही. दादर ज्वारीची भरलेली कणसे दांड्यासकट घेतली तर ग्लॅडिओलसची जागा घेतात. कापसाची पूर्ण फुटलेली बोंडे फांदीवरच ठेवून, पाने काढून, पिवळ्या शेवंतीच्या मधून वर येऊ द्यावीत. त्यांना पाणी लागत नाही आणि रचना उतरवल्यावरही पुढच्या वेळेसाठी ती जपून ठेवता येतात. दसरा-दिवाळीचा झेंडू शेतकऱ्यांकडूनच दांड्यासह मागून घ्यावा, कारण बाजारात तो हारासाठी मुंडके तोडूनच येतो. झेंडूचे पाणी लवकर घाण होते, तेव्हा ते रोज बदलावे.

हिरव्या काड्यांसाठी कामिनी उत्तम. घराच्या कुंपणाला असतेच, पाने चकचकीत आणि टिकाऊ असतात. कडुलिंबाची कोवळी तांबूस पालवी दिसायला नाजूक, पण आपल्या उन्हात तासाभरात लोळते. ती वापरायचीच तर तोडल्याबरोबर पूर्ण पाण्यात बुडवून ठेवावी. केळीचे पान पट्ट्या करून गुंडाळले आणि काचेच्या फुलदाणीत आतून लावले तर दांडे झाकले जातात.

एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. कण्हेर रस्त्याच्या दुभाजकावर भरपूर फुललेली असते आणि दुष्काळातही तग धरते, म्हणून ती रचनेत घेण्याचा मोह होतो. तिचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि ती ज्या पाण्यात ठेवली ते पाणीही विषारी होते. घरात रांगते मूल किंवा मांजर-कुत्रा असेल तर ती आणूच नये, आणि जेवणाच्या टेबलावर तर कधीच ठेवू नये. चाफ्याचा चीक त्या मानाने निरुपद्रवी आहे, तरी तो पाण्यात उतरून इतर दांड्यांची तोंडे बुजवतो. चिकाच्या काडीचे टोक मेणबत्तीच्या ज्योतीवर क्षणभर धरून मगच पाण्यात ठेवावे.

अंजनीकाठ (एरंडोल)

सातपुडावाल्या दादांचे म्हणणे मला फार पटले. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपली खानदेशातली देवी कानबाई बसते तेव्हा आम्ही तिच्या दोन्ही बाजूंना अशा दोन जोडरचना करतो. त्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिबिंबासारख्या असाव्या लागतात, म्हणून दोन्ही भांडी शेजारी ठेवून एक काडी इकडे, एक तिकडे अशी लावत जावी. एक पूर्ण करून मग दुसरी करायला घेतली तर दोन्ही सारख्या होत नाहीत. देवीसमोर रचना असेल तर पाण्यात ब्लीच घालणे मनाला पटत नाही, तेव्हा नुसते लिंबू-साखर न घालता साधे स्वच्छ पाणी सकाळ-संध्याकाळ बदलावे. श्रावणात हवा दमट असते, फुले तशीही तग धरतात.

पांझराकाठ (धुळे)

सर्वांचे मनापासून आभार. वाचून जे ठरवले आहे ते लिहिते, काही चुकत असेल तर सांगावे. दारासमोरच्या टेबलावर भिंतीलगत पितळी घंगाळात काचेचा डबा ठेवून त्रिकोणी रचना करेन : कामिनी, पांढरा ग्लॅडिओलस, पिवळी शेवंती आणि मध्ये केशरी गुलाब. वधूवरांच्या पुढच्या बुटक्या टेबलावर केळीच्या खांबावर गुलाब-शेवंतीची लांबट, खाली पसरलेली रचना असेल. कार्यक्रम सकाळी ११ वाजता आहे. फुले आदल्या दिवशी सकाळी येतील. हॉलमध्ये दोन कूलर लागतील आणि जेवणात आमरस आहे, त्यामुळे आंबे घरातच असतील.

तापीतीर (भुसावळ)

ताई, योजना नेटकी आहे. ग्लॅडिओलस आदल्या दिवशी मिळणार असेल तर खालची एक-दोनच फुले रंग दाखवत असलेला घ्या. दुसऱ्या दिवशी ११ पर्यंत तो हवा तितका उमलेल. त्रिकोणी रचना रात्री नऊनंतर, फुलांनी दिवसभर पाणी प्यायल्यावर करावी आणि आंब्यांपासून दूरच्या खोलीत ठेवावी. केळीच्या खांबावरची रचना मात्र सकाळीच करा, कारण त्यात पाण्याचा साठा थोडा असतो. कूलरचा झोत रचनेवर थेट येऊ देऊ नका. ओलसर हवा फुलांना चांगली, पण वाहता वारा पाकळ्यांतले पाणी ओढून नेतो. पंख्याखालची जागाही टाळा.

केळीचे बन (रावेर)

पांझराकाठताई, वधूच्या शालूजवळ ती रचना येणार आहे, म्हणून खांबाच्या दोन्ही कापलेल्या टोकांना केळीचे पान दुमडून टाचणीने लावून टाका. चीक तिथूनच गळतो. आणि खांब धुळ्याला शोधत बसू नका. आमच्याकडून मुंबई-नाशिककडे केळीच्या गाड्या धुळ्यावरून रोज जातात, कोणाही ओळखीच्या माणसाकडून आदल्या संध्याकाळी ताजा तुकडा ओल्या गोणपाटात गुंडाळून मागवून घ्या.

पांझराकाठ (धुळे)

पान लावण्याची युक्ती लक्षात ठेवते. खांब चोपड्याच्या मावसभावाला सांगितला आहे.